पार्टी आहे, कधी आणू?

रतिलालनानांनी भाकरीचा पहिला तुकडा मोडला आणि फोन वाजला. नानांनी तुकडा ताटात परत ठेवला आणि डाव्या हातानं फोन कानाला लावला. पलीकडून एक गोड आवाज आला.

"सर, आपलं घर विकायचं आहे असं समजलं. पार्टी आहे आपल्याकडे. कधी आणू?"

"कुठून समजलं?"

"ग्रुपवर फोटो आला ना, सर. आपल्या कागदाचा."

"त्या कागदावर काय लिहिलंय? एजंटांनी फोन करू नये. वाचता येतं का तुम्हाला?"

"येतं ना, सर. म्हणून तर केला. म्हटलं, एवढं ठळक लिहिलंय म्हणजे माणूस एजंटांना फारच कंटाळलेला दिसतोय. आपलं काम तसं नाही."

नानांनी फोन ठेवला. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती काही त्या दिवशीची पहिली नव्हती. हे गेले कित्येक दिवस असंच चाललं होतं. समोर बसलेल्या दिपमालाबाई म्हणाल्या, जेवा आधी. नाना म्हणाले, भूक मेली. मग चिडूनच दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

नानांचं सगळं आयुष्य एसटीच्या डेपोत गाड्यांची इंजिनं खोलण्यात गेलेलं. चालू इंजिनाच्या वर आवाज काढायची सवय लागलेली, ती निवृत्त झाल्यावरही सुटली नाही. त्यामुळे नाना साधं 'चहा ठेव' म्हणाले तरी शेजारच्यांना वाटायचं, जळगावच्या या कॉलनीत आज काहीतरी झालं. मनानं माणूस वाईट नव्हता. पण मनापर्यंत पोचायला आधी आवाज ओलांडावा लागे, आणि तेवढं कोणी थांबत नसे.

घर विकायचं कारण धुळ्याला होतं. एकुलती एक मुलगी रोहिणी तिथं दिलेली, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेलेले, आणि दिपमालाबाईंचा जीव तिकडे अडकलेला. रोहिणीच्याच गल्लीत एक बैठं घर विकाऊ होतं. त्याचा मालक ओळखीचा. तो म्हणाला होता, तुमच्यासाठी संक्रांतीपर्यंत थांबतो, पुढे नाही. म्हणजे संक्रांतीच्या आत जळगावचं घर विकलं गेलं तर दिपमालाबाई नातवंडाला रोज अंघोळ घालणार, नाहीतर वर्षातून दोनदा एसटीनं जाऊन लांबून बघणार. त्यांनी हे बोलून दाखवलं नाही. पण बाळाची दुपटी शिवून, घडी करून, गावाला जायच्या पिशवीत भरून ती पिशवी दारामागे टांगून ठेवली होती. नानांना घरात येता-जाता ती खांद्याला लागे.

दलालाला एक पैसा द्यायचा नाही, हे नानांनी आधीच जाहीर केलेलं. त्यांनी जाड मार्करनं स्वतःच्या हातानं कागद लिहिले: 'घर विकणे आहे. डायरेक्ट मालक. एजंटांनी फोन करू नये.' खाली मोबाइल नंबर. पत्ता मुद्दाम लिहिला नाही, कारण रिकामटेकडे लोक घर बघायला येतात आणि चहा पिऊन जातात. एक कागद डेपोसमोरच्या चहाच्या टपरीवर लावला, एक पिठाच्या गिरणीत, एक किराणा दुकानाच्या शटरशेजारी. पत्ता लपवला आणि नंबर चव्हाट्यावर टांगला. घराला कुलूप लावून किल्ली बाहेर खिळ्याला अडकवावी, त्यातला हा प्रकार होता. पण हे नानांना सांगणार कोण?

पुनाभाऊ नावाचा एक एजंट टपरीवर चहा प्यायला आला, त्यानं कागदाचा फोटो काढला आणि आपल्या धंद्याच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपमधून तो दुसऱ्या ग्रुपवर गेला. भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, जिथं म्हणून चार एजंट होते तिथं नानांचा नंबर पोचला. सगळ्यांकडे पार्टी होती. या धंद्यात गिऱ्हाइकाला कोणी गिऱ्हाईक म्हणत नाही, पार्टी म्हणतात. एकाकडे सिरियस पार्टी होती, एकाकडे कॅश पार्टी होती, एकाकडची पार्टी म्हणे नुसती सही करायची राहिली होती, घर कुठंय तेवढं सांगा.

एजंटांपाठोपाठ बाकीचेही आले. घर विकणाऱ्याकडे पैसा येणार, म्हणून पैसा गुंतवा म्हणणारे. घर विकणाऱ्याला नवं घर लागणार, म्हणून कर्ज घ्या म्हणणारे. सामान हलवणारे, जुनं फर्निचर घेणारे, सोलर बसवणारे. एका वास्तुवाल्यानं घर न बघताच सांगितलं की तुमचं घर दक्षिणेकडून अडलंय. नाना म्हणाले, घर नाही, मी अडलोय, आणि तुझ्यामुळे. तर तो म्हणाला, बघा, रागसुद्धा दक्षिणेचाच.

माणसानं स्वतःचा नंबर दिला एका कामासाठी, आणि तो वापरला सतरा जणांनी, न विचारता, वर 'सर सर' करत. राग येणार नाही तर काय होईल? नानांचा राग शंभर टक्के खरा होता. गोंधळ झाला तो त्या रागात त्यांनी जी युक्ती काढली तिच्यामुळे.

फोन बंद ठेवता येत नव्हता. घरात फोन एकच. दिपमालाबाईंचा होता तो दिवाळीत चकल्यांच्या तेलात पडला, तेव्हापासून रोहिणीची खुशाली याच फोनवर यायची. आणि खरं गिऱ्हाईक आलं असतं तेही याच फोनवर. पण आठवडाभर ओरडून नानांचा घसा बसला, तेव्हा एका दुपारी एका एजंटाला ओरडायच्या ऐवजी ते बसक्या आवाजात एवढंच म्हणाले, "राँग नंबर."

"हा घरवाल्यांचा नंबर नाही का?"

"नाही. त्यांचा शेवटी आठ आहे. माझा तीन. सारखं मला फोन करता तुम्ही लोक."

"सॉरी, काका," असं म्हणून त्या माणसानं फोन ठेवला.

नाना फोनकडे बघतच राहिले. आठवड्यात पहिल्यांदा कोणीतरी सॉरी म्हणालं होतं.

मग काय, प्रत्येकाला तेच. राँग नंबर, शेवटी आठ लावा. समोरचा काय म्हणतो ते पुरतं ऐकायचीसुद्धा गरज उरली नाही; अनोळखी नंबर दिसला की नाना उचलायचे, एवढं एक वाक्य टाकायचे आणि ठेवून द्यायचे. खोटं उघडं पडू नये म्हणून ते स्कूटर घेऊन टपरी, गिरणी, दुकान असे तिन्हीकडे गेले आणि मार्करनं शेवटच्या तिनाचे आठ करून आले. आठचा नंबर त्यांनी एकदा लावूनही पाहिला होता. तो लागला नाही. म्हणजे बंदच असणार, कोणाचं काही बिघडत नाही, असं त्यांनी दिपमालाबाईंना सांगितलं. दिपमालाबाईंनी विचारलं, मग खरं गिऱ्हाईक आलं तर? नाना म्हणाले, खरं गिऱ्हाईक आपोआप येतं.

पुनाभाऊनं ग्रुपवर दुरुस्ती टाकली: शेवटी तीन नाही, आठ. दोन दिवसांत नानांच्या फोनची वटवट निम्म्यानं कमी झाली, आणि नंतर कधीतरी एखादा चुकार फोन यायचा तेवढाच. नाना खूश झाले. संक्रांत जवळ येत होती आणि घर जिथल्या तिथं होतं, पण नाना खूश होते. शांतता कशी मिळवायची ते चार जणांना शिकवायला पाहिजे, असंही एकदा म्हणाले. दिपमालाबाईंनी दारामागची पिशवी काढून झटकली आणि परत अडकवली.

सोमवारी सकाळी तेवढे तीन-चार फोन लागोपाठ आले. एका बाईनं तर "नाना, धुळ्याहून बोलते," एवढंच म्हटलं असेल, नानांनी तिला आठचा रस्ता दाखवला. नंबर पार धुळ्याच्या एजंटांपर्यंत पोचला आणि आता त्यांनी बायकाही कामाला लावल्या, या विचारानं दाढी करता करता त्यांनी गाल कापून घेतला.

त्याच दुपारी दारासमोर एक मालवाहू रिक्षा येऊन थांबली. तिच्यातून एक ठेंगणी, दणकट बाई उतरली. मागोमाग तिनं एक मोठं झाकलेलं पातेलं उतरवलं, ते थेट नानांच्या उंबऱ्यात आणून आदळलं आणि विचारलं, "रतिलाल कोन हाये इथी?"

"मी. काय काम आहे?"

"मी आठ," बाई म्हणाली.

नानांना काही कळलं नाही. दिपमालाबाईंना कळलं, आणि त्या भिंतीला टेकून खाली बसल्या.

बाईचं नाव कुंदाबाई. बोदवडच्या अलीकडे रस्त्यालगत तिचं शेत होतं. थंडी सुरू झाली की शेतात काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची, भरीत करायचं, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, आणि आधी फोन करून येणाऱ्यांना कडुलिंबाखाली पंगतीत वाढायचं, हा तिचा धंदा. दुपारी विहिरीकडे रेंज नसते, म्हणून तेवढा वेळ तिचा फोन लागत नाही. बाकी दिवसभर लागतो. आणि हिवाळ्यात आमच्याकडे फोनवर कोणी 'पार्टी आहे' म्हणालं तर त्याचा एकच अर्थ होतो, भरीत पार्टी.

"आठ दिसापासून फोनावर फोन," कुंदाबाई कमरेवर हात ठेवून सांगू लागली. "एक म्हने, पार्टी हाये, सिरियस हाये. म्हनलं, सिरियस राहो का हासरी, मानसं किती ते सांग. तो म्हने, नवराबायको आन् त्याहिचे आईबाप. दुसऱ्यानं इचारलं, जागा एन.ए. हाये का? म्हनलं, येनं तुमचं हाये भो, माले काय इचारतं? मंग म्हने, टोकन किती द्याचं? म्हनलं, इथी टोकन-बिकन नाही, इथी पंगत बसते."

नानांना हसू यायला हवं होतं. पण बाईचा चेहरा हसण्यासारखा नव्हता.

तिनं सगळ्यांना रविवार दिला होता. एवढ्या पार्ट्या तिच्या आयुष्यात एका दिवशी आल्या नव्हत्या. तिनं शेजारच्या शेतातून जास्तीची वांगी घेतली, दोन बायका हाताखाली लावल्या, अंधारात उठून जाळ पेटवला. लोक आले. पुनाभाऊ आला, त्याची पार्टी आली, अमळनेरचा एजंट आला, त्याची पार्टी आली. शेत बघून सगळे जरा गोंधळले, पण वास असा सुटला होता की आधी पंगतीला बसले. पोटभर जेवले. हात धुतले आणि म्हणाले, चला, आता घर दाखवा.

कुंदाबाई म्हणाली, कोणाचं घर? मग जे भांडण लागलं ते लिंबावरचे कावळे उडेपर्यंत. एजंट म्हणाले, तुम्ही फसवलं. पार्ट्या एजंटांना म्हणाल्या, तुम्ही फसवलं. पैसे कोणीच न देता सगळे गाड्यांत बसून निघून गेले, आणि जे यायचे होते ते वाटेतूनच परतले. पुनाभाऊच्या फोनमधला कागदाचा फोटो तेवढा बाईनं बघून ठेवला होता. त्यात टपरी दिसत होती. टपरीवाल्यानं आठमागचा तीन ओळखला आणि नानांचा पत्ता दिला.

"हे पातेलं तुमचं," कुंदाबाई म्हणाली. "आता खा आठ दिस."

नाना बोलायला गेले. डेपोतला आवाज त्यांनी गळ्यापर्यंत आणला होता. माझा नंबर लोकांनी वाटला तेव्हा मी कोणाकडे जायचं, असं काहीतरी ते म्हणणार होते. पण कुंदाबाई शेतातून शेतात हाक मारणारी बाई. तिच्यापुढे त्यांचा आवाज पहिल्यांदाच कमी पडला.

"तुमच्या जिवाले तरास झाला, खरं हाये," ती म्हणाली. "मंग तो माह्या जिवाले काहून लावून देला? मी काय घेतलं व्हतं तुमचं?"

दिपमालाबाईंनी पाणी आणून दिलं. कुंदाबाई पाणी प्यायली, पायरीवर बसली, जरा निवली आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, त्या मेल्यांमध्ये एकच बिचारा बरा होता. अरशद नावाचा. सोफे-गाद्या शिवतो म्हणे. रोज फोन करायचा.

"तो म्हने, मावशी, मी पार्टी नाही, एजंट बी नाही. मी एकटाच हाये, सोताच बोलतो, माले सोतासाठीच पाह्यजे. म्हनलं, बाबा, एकट्यासाठी मी चूल पेटवत नाही. चार-पाच दोस्त जमव, मंग ये."

नाना उभे राहिले. "काय म्हणाला? स्वतःसाठी पाहिजे?"

"हाव."

"डायरेक्ट?"

"आता माले काय माहीत डायरेक्ट का काय. एकटाच हाये म्हने."

"नंबर द्या त्याचा," नाना म्हणाले. "लगेच द्या, ताई. तेच गिऱ्हाईक आहे. आमचं धुळ्याचं घर जायची वेळ आली हो."

कुंदाबाईनं त्यांच्याकडे खालून वरपर्यंत बघितलं.

"त्याले इचारल्याबिगर? कोनाचाबी नंबर कोनालेबी वाटाले मी काय रतिलाल हाये?"

दिपमालाबाई इतक्या वेळात पहिल्यांदा हसल्या, तेही नानांकडे पाठ करून. नाना खाली बसले. कुंदाबाईनं आपल्या फोनवरून अरशदला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि सगळी हकिकत सांगून विचारलं की बेटा, घरवाला सापडला, तर तुझा नंबर त्याला देऊ का.

"नको, मावशी," पलीकडून आवाज आला. "त्यांना मी पहिल्याच दिवशी फोन केला होता. सलाम पुरा व्हायच्या आत त्यांनी माझ्या सात पिढ्या काढल्या. पुन्हा केला तर म्हणाले, राँग नंबर, शेवटी आठ लावा. नंबर देऊ नका. पत्ता सांगा, संध्याकाळी दुकान बंद करून मीच येतो."

ज्या माणसासाठी नानांनी कागद लावले होते त्याला त्यांनी स्वतःच दोनदा परत पाठवलं होतं; एकदा शिव्या देऊन आणि एकदा भरताकडे. नानांनी कुंदाबाईपुढे हात जोडले. भरताचं जे काय झालं असेल ते मी भरून देतो, म्हणाले. कुंदाबाई म्हणाली, ते तर द्यालच. आता मी सगळ्या एजंटांना तुमचा खरा नंबर सांगितलाय, तोही घ्या परत. मग ती उठली, रिक्षाकडे निघाली आणि काहीतरी आठवल्यासारखी मध्येच थांबली.

"तुमच्यात कोनी रोहिणी हाये का?"

दिपमालाबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"सकाळी एका बाईचा फोन व्हता. धुळ्याची व्हती, त्याहिच्या अहिरानीतच बोले. म्हने, ईश्वरना फोन बंद पडना म्हनीसन मी लावस, रोहिणीले पोर व्हयनी, बठ्ठं बरं शे, तिना मायबापले सांगा. म्हने, पयले ज्या नंबराले लावला त्या बाबानं हा नंबर देला. माले वाटलं, हाबी तसलाच फोन. म्हनलं, पोरगी झाली, चांगलं झालं, पार्टी कितीची करता?"

ईश्वर म्हणजे जावई. पहिला नंबर म्हणजे तीन. दाढीला लागलेला कापूस नानांच्या गालावर अजून तसाच होता.

दिपमालाबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, नानांना ते समजलं असतं. त्यांनी तांब्या ठेवला, दारामागची पिशवी खांद्याला लावली, नानांच्या खिशातून फोन काढून घेतला, भिंतीतला चार्जर उपटला आणि चपला घातल्या. नाना म्हणाले, मीही येतो.

"तुम्ही इथंच थांबायचं," दिपमालाबाई म्हणाल्या. "तो मुलगा येणार आहे. घर विकल्याशिवाय धुळ्याला पाऊल टाकायचं नाही. माझी नात झाली आणि तुम्ही तिला राँग नंबर म्हणालात."

कुंदाबाईनं त्यांना रिक्षात पुढे बसवलं आणि बसस्थानकाकडे घेऊन गेली. नाना दारात उभे राहिले. फोन नव्हता. इतके दिवस जी शांतता हवी होती ती आता घरभर पसरली होती, आणि नानांना बसवेना. नात कशी आहे? रोहिणी कशी आहे? बाळ कोणावर गेलंय? विचारायचं तर कोणाला? शेजाऱ्याकडे गेले, तर शेजारी कुलूप लावून कुठं गेलेले. परत येऊन पातेल्याचं झाकण उघडलं, भरीत बघितलं आणि झाकण पुन्हा लावलं.

संध्याकाळी अरशद आला. बारीक, शांत माणूस, कपड्यांना कापसाचे धागे चिकटलेले. नानांनी त्याला 'या' म्हटलं ते इतक्या हळू की त्याला पुन्हा विचारावं लागलं. त्यानं घर बघितलं. भिंतीवरून हात फिरवला, मोरीत पाणी ओतून बघितलं, मागच्या खोलीत उजेड किती येतो ते उभं राहून बघितलं. बायको सबीहा आणि मुलगी महेक यांना उद्या आणून दाखवतो म्हणाला, पण मला पसंत आहे, आणि मी बोललो की बदलत नाही. संक्रांतीच्या आधीच करून टाकू सगळं. नाना हो म्हणाले. किंमत ठरली तीही दोन वाक्यांत. नानांचं लक्षच नव्हतं.

"अरशदभाऊ," ते शेवटी म्हणाले, "एक फोन करू का तुमच्या मोबाइलवरून?"

अरशद जरा घुटमळला. "कोणाला?"

"माझ्याच नंबरवर."

अरशदनं त्यांच्याकडे बघितलं, मग काय वाटलं कोणास ठाऊक, फोन काढून दिला. नानांनी चष्मा लावून एकेक आकडा दाबला. शेवटी तीन. पलीकडे रिंग दोनदा वाजली आणि दिपमालाबाईंचा आवाज आला, दबका आणि भयंकर संतापलेला. असा संताप नानांनी इतक्या वर्षांत त्या तोंडून ऐकला नव्हता.

"कोण आहात तुम्ही लोक? बसमध्ये बसल्यापासून सुरू आहे तुमचं. दवाखान्यात आहे मी. आत्ता कुठं बाळ झोपलंय. लाज आहे का काही, कोणाचाही नंबर मिळाला की लावायचा?"

"अगं, मी—"

नानांचा आवाज सवयीनं मोठा लागला. पलीकडे काहीतरी हललं आणि एक बारीक, चिरका, नवाकोरा रडण्याचा आवाज फोनमधून आला.

"उठवली ना पोरगी," दिपमालाबाई म्हणाल्या आणि फोन कटला.

नाना फोन कानाला तसाच धरून उभे राहिले. अरशदनं विचारलं, "लागला नाही का, चाचा? परत लावा."

नानांनी फोन आपल्या शर्टाला पुसला आणि दोन्ही हातांनी त्याला परत दिला.

"नको," ते हळूच म्हणाले. "झोपू द्या तिला."